तीन अंत्ययात्रांचा डबा

साउथ ईस्टर्न अँड चॅटम रेल्वेचा 132 क्रमांकाचा डबा 1919 साली इंग्लंडच्या केंट परगण्यात, ॲशफर्डच्या रेल्वे कारखान्यात तयार झाला. चार चाके, लाकडी चौकट, फळ्यांच्या भिंती आणि दोन्ही अंगांना दुपाखी दारे असलेला हा डबा पार्सले आणि प्रवाशांचे सामान वाहण्यासाठी बांधला होता. त्याच्या नमुन्यावर पुढे सदर्न रेल्वेने असे शेकडो डबे बांधले. पण बाहेर पडल्यापासून दोन वर्षांच्या आत या पहिल्या डब्यातून तीन शवपेट्या डोव्हर बंदराहून लंडनला गेल्या, आणि तिन्ही वेळा वाटेतली माणसे कामधंदा टाकून रुळांच्या कडेला उभी राहिली. ब्रिटनच्या इतिहासातले एक अत्यंत मोलाचे शववाहन म्हणून हा डबा आज ओळखला जातो.

रेल्वेने मृतदेह नेणे इंग्लंडला नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या दफनभूमी भरून गेल्या, म्हणून शहराबाहेर ब्रुकवुड येथे प्रशस्त दफनभूमी आखली गेली आणि 1854 पासून वॉटर्लूजवळच्या स्वतंत्र स्थानकातून तिथे खास गाड्या सुटू लागल्या. या ‘नेक्रोपोलिस रेल्वे’त जिवंतांप्रमाणे मृतांनाही वर्ग होते. शवपेट्यांचे भाडे वर्गानुसार वेगळे असे, आणि नातेवाईकांना परतीचे तिकीट मिळे तर पेटीला फक्त जाण्याचे. एप्रिल 1941 मधल्या बॉम्बहल्ल्यात ते स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ही सेवा पुन्हा सुरू झाली नाही. मोठ्या मानाच्या अंत्ययात्रेसाठी मात्र रेल्वे कंपन्या अनेकदा नेहमीच्या वापरातलाच एखादा डबा निवडून सजवत. 132 क्रमांकाचा डबा असाच निवडला गेला.

पहिली पेटी ईडिथ कॅव्हेल यांची. ब्रसेल्समध्ये परिचारिकांची शाळा चालवणाऱ्या कॅव्हेल यांनी जर्मनव्याप्त बेल्जियममधून दोस्तराष्ट्रांच्या सुमारे 200 सैनिकांना निसटायला मदत केली. त्याबद्दल 12 ऑक्टोबर 1915 रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. युद्ध संपल्यावर त्यांचे अवशेष मायदेशी आणले गेले. 15 मे 1919 रोजी डोव्हरहून हा डबा लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात आला, वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली आणि पुढे नॉर्विच कॅथीड्रलच्या आवारात त्यांचे दफन झाले. डब्याला ‘कॅव्हेल व्हॅन’ हे नाव पडले ते या प्रवासामुळे.

दुसरी पेटी त्याच वर्षी जुलैत आली. चार्ल्स फ्रायट हे ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या ‘ब्रसेल्स’ या जहाजाचे कप्तान. मार्च 1915 मध्ये एका जर्मन पाणबुडीने जहाज थांबवायला फर्मावले तेव्हा त्यांनी जहाज थेट तिच्यावर घातले. पाणबुडीला बुडी मारावी लागली. पुढच्या वर्षी ते जर्मनांच्या हाती सापडले आणि 27 जुलै 1916 रोजी ब्रूजमध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला. सेंट पॉल कॅथीड्रलमधील प्रार्थनेनंतर हार्विचजवळ डोव्हरकोर्ट येथे त्यांना मूठमाती देण्यात आली.

तिसऱ्या पेटीतल्या माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. लष्करातले धर्मगुरू डेव्हिड रेल्टन यांनी 1916 मध्ये आर्मांतिएरजवळ एका घराच्या बागेत अनोळखी सैनिकाची कबर पाहिली होती. अशा एका निनावी सैनिकाला ॲबीत राजांच्या शेजारी जागा द्यावी, ही त्यांची सूचना 1920 मध्ये मान्य झाली. 10 नोव्हेंबरला ‘व्हर्डन’ या विनाशिकेतून पेटी डोव्हरला उतरली आणि 132 क्रमांकाच्या डब्यात ठेवली गेली. रात्री 8 वाजून 32 मिनिटांनी गाडी व्हिक्टोरियाच्या 8 क्रमांकाच्या फलाटाला लागली. पेटी रात्रभर डब्यातच पहाऱ्यात राहिली आणि 11 नोव्हेंबरला सकाळी तोफगाड्यावरून निघाली.

या प्रवासांत डब्यात मोठा बदल केलेला नव्हता. नजरेत भरणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्याचा पांढरा टप. वाटेतल्या पुलांवरून आणि उंचवट्यांवरून पाहणाऱ्यांना पेटी नेमक्या कोणत्या डब्यात आहे ते कळावे, म्हणून टप पांढरा रंगवला होता. त्या काळी ब्रिटिश डब्यांच्या लाकडी टपावर कॅनव्हास ताणून त्यावर शिशाच्या सफेत्याचे हात देण्याची पद्धत होतीच; पण इंजिनाच्या काजळीने तो पांढरा रंग बघता बघता काळपट होई. काळवंडलेल्या टपांच्या रांगेत एकच स्वच्छ पांढरा टप दुरूनही उठून दिसे, नोव्हेंबरच्या अंधारातसुद्धा.

अंत्ययात्रा आटोपल्या आणि डबा मुकाट्याने आपल्या मूळ कामाला लागला. देशाने अश्रू ढाळलेल्या त्याच जमिनीवर पुन्हा ट्रंका, टोपल्या आणि पार्सले रचली जाऊ लागली. हे आज खटकते, पण डबा वाचला तो यामुळेच. कामाला असलेल्या डब्याची तपासणी होते, फळ्या बदलतात, चाके फिरती राहतात. वापराबाहेर गेलेली गाडी यार्डाच्या कोपऱ्यात कुजते. अब्राहम लिंकन यांची पेटी 1865 मध्ये वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला ज्या आलिशान डब्यातून गेली, तो राष्ट्राध्यक्षांसाठी खास बांधलेला होता. पुढे तो विकला गेला, हातोहाती फिरला, काही काळ प्रदर्शनाची वस्तू झाला आणि शेवटी मिनियापोलिसजवळ उभा असताना 1911 मध्ये गवताला लागलेल्या आगीत जळून गेला.

132 क्रमांकाच्या डब्याच्या वाट्याला दुसरे भाग्य आले. सदर्न रेल्वेत विलीनीकरण, राष्ट्रीयीकरण अशा उलथापालथींतून तो टिकला आणि अखेर केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेकडे आला. टेंटरडेन परिसरातला हा छोटा लोहमार्ग 1961 मध्ये पूर्ण बंद पडला होता. हौशी स्वयंसेवकांनी तो 1974 पासून वाफेच्या गाड्यांसाठी पुन्हा चालता केला. डब्याचे महत्त्व ओळखून डागडुजीसाठी 35,000 पौंडांचे आवाहन करण्यात आले, आणि अनोळखी सैनिकाच्या प्रवासाला 90 वर्षे होत असताना, 2010 मध्ये, डबा तयार झाला.

लाकडी डब्याचा जीर्णोद्धार म्हणजे प्रामुख्याने सुतारकाम. पाणी टपावरच्या फटीतून शिरते आणि खांबांच्या बुडाशी साचते, म्हणून चौकट खालून कुजते आणि वरून धडधाकट दिसते. फळ्या उतरवल्याशिवाय किती लाकूड ठेवता येईल ते कळत नाही. मूळ लाकूड जितके राखता येईल तितके राखायचे, कुजलेल्या भागाला नवा जोड द्यायचा आणि अगदीच निरुपाय झाला तर तुकडा बदलायचा, हा या कामातला शिरस्ता. त्यानंतर दारांच्या बिजागऱ्या आणि कड्या, टपाचा कॅनव्हास, ब्रेकची दांडी, आसांच्या पेट्या यांची पाळी येते. शेवटी रंग.

खरा प्रश्न रंगापाशी येतो: डबा कोणत्या दिवसासारखा दिसला पाहिजे? या डब्याने शववाहनाचे काम मोजके दिवस केले आणि सामान अनेक वर्षे वाहिले. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी त्या मोजक्या दिवसांची बाजू घेतली. जुन्या कंपनीचा रंग, 132 हा आकडा आणि पांढरा टप परत आला. आत अनोळखी सैनिकाच्या शवपेटीची प्रतिकृती ठेवली गेली. बोडियम स्थानकात तो लोकांना पाहण्यासाठी ठेवला जातो.

अशाच दुसऱ्या एका डब्याला सोडवण्यासाठी समुद्रापार जावे लागले. विन्स्टन चर्चिल यांची पेटी 30 जानेवारी 1965 रोजी वॉटर्लूहून ऑक्सफर्डशायरमधील हँडबरोला ज्या डब्यातून गेली, तोही सदर्न रेल्वेचा सामानाचाच डबा होता, क्रमांक एस 2464 एस. चर्चिल हयात असतानाच आखलेल्या अंत्ययात्रेच्या योजनेत त्याची निवड झाली होती आणि पुलमन डब्यांशी जुळणारा तपकिरी-मलई रंग त्याला देऊन ठेवला होता. अंत्यविधीनंतर तो अमेरिकेला विकला गेला आणि लॉस एंजेलिसजवळच्या एका गोल्फ मैदानापाशी कित्येक वर्षे उभा राहिला. 2007 मध्ये स्वानेज रेल्वेच्या कार्यकर्त्यांनी तो मायदेशी आणला. डागडुजीनंतर 2015 मध्ये, अंत्ययात्रेच्या पन्नासाव्या वर्षी, तो यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘विन्स्टन चर्चिल’ याच नावाच्या मूळ इंजिनाबरोबर मांडला गेला.

हे दोन्ही डबे मुळात सामान वाहणारे होते, आणि त्यांची ओळख पटवायला अंगावरचा आकडा आणि रेल्वेच्या नोंदी यांचाच आधार होता. नोंद हरवली असती तर शेकडो सारख्या डब्यांतला तो एक कोणता, हे सांगता आले नसते, आणि दोन्ही भंगारात गेले असते. जुने वाहन वाचवण्याचे काम सुताराच्या हातात येण्याआधी कारकुनाच्या वहीत सुरू होते.