हलक्या धातूचा सांगाडा

लोखंडाची परंपरा सहस्रावधी वर्षांची. अ‍ॅल्युमिनियमचा व्यवहारातला इतिहास मात्र अलीकडचा. १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी, परस्परांस ठाऊक नसता, हा धातू विजेने स्वस्तात काढण्याची रीत शोधली. मद्रासेत १८९८ च्या सुमारास चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडविण्याचा उद्योग सुरू केला. पण शुद्ध धातू पडला मऊ. १९०६ साली विल्म या जर्मन संशोधकास आढळले की, थोडे तांबे मिसळून तापवलेला व पाण्यात विझवलेला हा धातू नुसता ठेवला तरी काही दिवसांत कठीण होतो. विमानांचे सांगाडे त्यातूनच उभे राहिले.

आमच्या नागपुरात १९६० साली विश्वेश्वरय्यांच्या नावे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे वाडीला अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आले. २००२ साली टोकियोत रोबोकॉन स्पर्धा सुरू झाली आणि कालांतराने येथील विद्यार्थीही तिच्या भारतीय फेरीसाठी यंत्रमानव बांधू लागले.

हा धातू वजनाने लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. पण ताठपणाही तेवढाच कमी. म्हणून पट्टी उंच घ्यावी आणि जेथे ताण थोडा, तेथला भाग मिलिंग यंत्रावर कोरून काढावा लागतो. धार बोथट असली की कीस तिला चिकटतो.

तयार भाग बाजारात मिळतात. मग हा खटाटोप कशाला? आपल्या समाजात पोथी आणि हत्यार यांची फारकत फार काळ चालली, म्हणून! काय ठेवावे नि काय काढावे, हे गणित सांगते. ते पटते मात्र हाताला.