अफू, हेरॉइनचे व्यसन : प्रशिक्षित डॉक्टरांकडून उपचार

अफू, हेरॉइन किंवा अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन हा आजार आहे व त्यावर उपचार होतात. बेंगळुरूची निमहान्स संस्था व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे ठिकठिकाणचे डॉक्टर व समुपदेशक यांना व्यसनोपचाराचे प्रशिक्षण देते.

उपचार कसा होतो?
ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने तलफ व अंगदुखी कमी होते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नये.

महत्त्वाचे : काही दिवस व्यसन थांबल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू होऊ शकतो. व्यक्ती बेशुद्ध झाल्यास त्वरित १०८ वर कळवा.

मदत : राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ (निःशुल्क). जवळच्या उपचार केंद्राची माहिती विचारा. कुटुंबीयही फोन करू शकतात.