आराखड्याआधीचा निबंध

१९१९ साली पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख म्हणून आले. परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी निवडायचा होता. अर्जदारांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये होते, संस्कृत घेऊन एम.ए. झालेले. गेडिस यांनी त्यांना एक निबंध लिहायला सांगितला : ‘नागरी केंद्र म्हणून मुंबई’. निवड झाली आणि १९२० मध्ये घुर्ये इंग्लंडला गेले.

मला या मागणीचं फार अप्रूप वाटतं. गेडिस नगररचनाकार, गल्लीबोळ पायी हिंडून शहर समजून घेणारे. संस्कृतच्या विद्यार्थ्यापुढे त्यांनी गिरण्यांची, गोदीची, चाळींची मुंबई ठेवली. आज माझ्याकडे पीएच.डी.चे आराखडे येतात, त्यांच्या शीर्षकाला ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे शेपूट असतं, आणि ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ म्हणून जुन्या प्रबंधांची नावं एकाखाली एक. उद्दिष्टं, गृहीतकं, प्रकरणांची मांडणी, सगळं जागच्या जागी. प्रश्न तेवढा सापडत नाही. अशा विद्यार्थ्याला मी आधी त्याच्या वस्तीवर चार पानं लिहायला लावते. त्यातच बहुतेकदा प्रश्न निघतो.

लंडनला समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस यांच्याकडे घुर्ये रमले नाहीत. ते केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे गेले. जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. पुढे तिथल्याच हॅडन यांच्या हाताखाली काम पुरं झालं. गाईड मध्येच गेला की विद्यार्थी कसा उघड्यावर पडतो, ते मी पाहिलं आहे. घुर्ये तरले ते प्रश्न नेमका असल्यामुळे, असं मला वाटतं. तो प्रश्न जात आणि वंश यांच्या नात्याचा. ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांचं म्हणणं होतं की जात जितकी वरची तितकं नाक निमुळतं. घुर्ये यांनी नाकाची मापं प्रांतवार ताडून पाहिली. संयुक्त प्रांत (आजचा उत्तर प्रदेश) आणि आसपासचा भाग सोडला, तर हे सूत्र टिकत नव्हतं. १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’त ही तपासणी वाचायला मिळते.

१९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग घुर्ये यांच्याकडे आला. विद्यार्थ्यांना विषय ते स्वतःच सुचवत. ही पद्धत मला पटत नाही. विषय ज्याचा त्याने शोधावा. पण आपले विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांना त्यांनी कूर्गला धाडलं, आणि तिथली टिपणं घेऊन श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडे गेले. तिथे सामग्री जुनीच राहिली, प्रश्न मात्र नवा मांडावा लागला. १९५२ मध्ये कूर्गांच्या धर्मावरचं त्यांचं पुस्तक आलं, ते या दुसऱ्या मांडणीतून.