पेला आणि बैठक

परभणी जिल्ह्यात ठेकेदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात आणि दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’. गुत्ता म्हणजे मक्ता. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. इंग्रजी मुलखातही निराळे काही नव्हते. 1880 साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांनी दारूच्या वाढत्या दुकानांना विरोध केला तो त्यामुळेच. आमच्या माणसाला ‘व्यसनी’ म्हणणाऱ्यांनी सरकारे कशावर चालत होती तेही एकदा सांगावे.

असो. माझा मुद्दा दुसरा आहे. त्या काळी दारू ही जातीत असल्याची खूण होती. माझा आजा सांगे, सोयरीक जमली की बाटली. जातपंचायतीने दंड केला की त्याच दंडाची दारू यायची. वाळीत टाकलेला पंचांबरोबर प्याला की पुन्हा जातीत आला. न पिणारा एकच, माळकरी. त्याला कुणी आग्रह करत नसे, पण निवाडा चालू असताना तो कडेला बसे. बाया तर त्या कोंडाळ्यात नव्हत्याच.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. आपण तिचा अर्थ तब्येत आणि पैसा एवढाच लावतो. परंतु तिने बैठकीची जागाच बदलली. आमच्या वस्तीत बैठक पेल्याभोवतून उठून विहारात आली आणि बाया सतरंजीवर बसू लागल्या. माझ्या चुलत्याचे लग्न बौद्ध पद्धतीने लागले तेव्हा पिणाऱ्यांनाच ओढ्याकाठी जावे लागले. कडेला बसण्याची पाळी प्रथमच त्यांच्यावर आली होती!

आज काय दिसते? जयंतीची वर्गणी घरटी, सभा विहारात. मात्र अध्यक्ष कोण आणि निवडणुकीत पाठिंबा कुणाला, हे रात्री ढाब्यावर ठरते. न पिणाऱ्या पोरासाठी थंडा मागवतात, हे खरे. पण बाटली संपली की तो उठतो, आणि ठरायचे ते त्यानंतर ठरते. सकाळी विहारात बायांना ते वाचून दाखवतात.

गेल्या जयंतीआधी आमच्या वस्तीतल्या काही बायांनी समितीला लेखी मागणी केली: बैठक दिवसा घ्या, विहारात घ्या, आणि तिथे हजर असेल त्याचेच मत धरा. समितीचे उत्तर अजून आलेले नाही.