तरंगोपचाराची कुळकथा

मनाने खचलेल्या माणसाला फळी देऊन समुद्रात उतरवावे आणि किनाऱ्याकडे धावणाऱ्या लाटेवर स्वार होण्याची विद्या, जिला जग सर्फिंग म्हणते, ती त्याला शिकवावी, असा एक उपचार गेल्या दोन-तीन दशकांत कॅलिफोर्नियापासून केपटाऊनपर्यंत रूढ होत आहे. त्याचे मूळ शोधू गेल्यास दोन घराणी आढळतात. एक इंग्लंडातील राजमान्य वैद्यांचे, दुसरे पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे. आणि खरा वारसा या दुसऱ्या घराण्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या घराण्यातील मोठे नाव डॉक्टर रिचर्ड रसेल यांचे. ग्रंथिविकारांवर समुद्रजलाचा गुण सांगणारा त्यांचा लॅटिन प्रबंध १७५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर रोग्यांची रीघ लागली. समुद्राचे पाणी प्यावयाचे, आणि चाकांवरच्या लाकडी खोलीतून पाण्यापर्यंत जाऊन तेथल्या धट्ट्याकट्ट्या परिचारिकांच्या हातून थंड लाटेखाली बुचकळून घ्यावयाचे, असा तो विधी होता. १७८८ च्या हिवाळ्यात बुद्धिभ्रंश झालेला राजा तिसरा जॉर्ज पुढल्या वर्षी सावरला, तेव्हा प्रकृती दृढ व्हावी म्हणून त्याला वेमथला नेण्यात आले. त्याने डोके पाण्याखाली घालताच शेजारच्या स्नानगाडीतील वादकांनी राजगीत सुरू केल्याची हकीकत दरबारी रोजनिशीत नमूद आहे. पण या साऱ्या व्यवस्थेत भिस्त होती ती थंडीच्या धक्क्यावर. रोग्याला त्यात आनंद वाटतो की नाही, याची पृच्छा करण्याचे वैद्यांना प्रयोजन नव्हते.

ती पृच्छा ज्याच्या मनात उद्भवली तोही वैद्यच होता, परंतु ब्रायटनपासून फार दूर. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत ‘रेझोल्यूशन’ जहाजाचा शल्यवैद्य विल्यम अँडरसन १७७७ मध्ये ताहितीच्या मातावाई उपसागरात मुक्कामाला असता, एक मनुष्य लहानशी होडी अतिशय वेगाने वल्हवीत, उत्सुकतेने दोहींकडे पाहत चालला आहे, असे त्याच्या दृष्टीस पडले. जहाजावरून काही चोरून हा पळत असावा, असा त्याला प्रथम संशय आला. पण तो मनुष्य लाट जेथे उचल खाते तेथवर गेला, तिची पहिली हालचाल निरखून तिच्यापुढे वल्हवू लागला, आणि लाटेने होडी उचलताच निश्चल बसून किनाऱ्यापर्यंत वाहत आला. मग होडीतले पाणी उपसून पुन्हा दुसऱ्या लाटेच्या शोधात निघाला. परदेशी जहाजे आणि तंबू पाहावयास त्याचे देशबांधव लोटले होते, त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. त्याला परमसुख होत असले पाहिजे, असा निष्कर्ष अँडरसनने काढला; आणि विशिष्ट गतीने मनाचा क्षोभ संगीताइतकाच शमतो, याचे उदाहरण म्हणून त्याने ही हकीकत लिहून ठेवली. १७७८ मध्ये क्षयाने तो समुद्रावरच वारला. १७८४ मध्ये सफरीचा वृत्तांत छापून आला, आणि पुढे कितीतरी काळ अँडरसनची ही हकीकत कुकच्या नावावर चालली. माझ्या मते या उपचाराचा तोच आद्य दस्तऐवज होय.

हवाई बेटांत तर ‘हेए नालू’ या नावाने हीच विद्या फळीवर उभे राहून परिपूर्णतेस पोचली होती आणि सरदार-रयत, स्त्री-पुरुष सर्वांस ती अवगत होती. परकीयांनी आणलेल्या रोगांच्या साथींनी तेथील प्रजा क्षीण केली, १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांनी या क्रीडेकडे वक्रदृष्टीने पाहिले, आणि लाटांवरचे स्वार विरळ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइकीकीच्या किनाऱ्यावर तिचे पुनरुज्जीवन झाले. ड्यूक काहानामोकू या ऑलिंपिक जलतरणपटूने ती ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय केली.

आता आजच्या उपचाराकडे वळू. १९९६ मध्ये इझी पास्कोविट्झ या सर्फपटूने आपल्या स्वमग्न मुलाला लाटेवर शांत होताना पाहून तशा मुलांसाठी संस्था काढली. २०१० मध्ये कॉर्नवॉलमध्ये चिंताग्रस्त मुलांसाठी ‘वेव्ह प्रोजेक्ट’ सुरू झाला. केपटाऊनमध्ये हिंसाचाराच्या छायेत वाढणाऱ्या मुलांसाठी असेच काम चालते. अमेरिकी नौदलाने सॅन डिएगो येथे नैराश्यग्रस्त सैनिकांवर रीतसर प्रयोग केला, त्यात लाटेवर जाणाऱ्यांप्रमाणेच डोंगर चढणाऱ्यांनाही उतार पडला. समुद्राच्या भक्तांनी हा दाखला दडवू नये. खाऱ्या पाण्यात कोणते गूढ द्रव्य आहे, हा प्रश्नच मला गौण वाटतो. लाट येताना क्षणभर नजर चुकली तर ती पायाखालून निघून जाते, म्हणून गतकाळाची खंत आणि उद्याची भीती यांना तेवढा वेळ मनात थारा मिळत नाही; शिवाय शेजारी पाण्यात उभा असलेला शिक्षक आणि बरोबरीचे सोबती असतात.

कोकणकिनाऱ्यावर हा प्रयोग कोणा मनोविकारतज्ज्ञास करावासा वाटला, तर त्याने अवश्य करावा. मात्र औषधे व समुपदेशन बंद करून नव्हे, पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात नव्हे, आणि जीवरक्षकांची तजवीज आधी केल्यावाचून तर मुळीच नव्हे.