‘म्युटिनी’ आणि ‘रिबेलियन’ : १८५७ च्या संदर्भातील एक शब्दभेद

इंग्रजीतील ‘म्युटिनी’ व ‘रिबेलियन’ या दोन्ही शब्दांसाठी मराठीत ‘बंड’ हा एकच शब्द रूढ असल्याने त्यांतील भेद सहसा लक्षात येत नाही. ‘म्युटिनी’ ही सैनिकांनी किंवा खलाशांनी वरिष्ठांच्या हुकमाची केलेली अवज्ञा होय. ‘रिबेलियन’ म्हणजे प्रजाजनांनी राज्यसत्तेविरुद्ध उपसलेले शस्त्र; त्याच्या लॅटिन मुळात जितांनी पुन्हा मांडलेल्या युद्धाची कल्पना आहे. म्हणजेच पहिल्या शब्दात चाकरीचा भंग गृहीत आहे, तर दुसऱ्यात राजनिष्ठेचा. जेथे राजनिष्ठेचे बंधनच नाही, तेथे ‘रिबेलियन’ संभवत नाही.

हा केवळ कोशातील भेद नव्हे. हा लष्करी उठाव की राष्ट्रीय, असा प्रश्न डिझरायलीने २७ जुलै १८५७ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उपस्थित केला होता. दिल्लीच्या लाल किल्ल्यात २७ जानेवारी १८५८ रोजी बहादुरशहा जफरवरील खटला सुरू झाला, तेव्हा तर या भेदाला विलक्षण महत्त्व आले. बादशहा शिपाई नव्हता. त्यामुळे शिपायांना चिथावणी व साहाय्य दिल्याचा आरोप करताना त्याला कंपनी सरकारचा ‘पेन्शनर’ म्हटले गेले आणि स्वतःस हिंदुस्थानचा सार्वभौम राजा म्हणून घोषित केल्याच्या आरोपात ब्रिटिश सरकारचा ‘प्रजाजन’! तो प्रजाजन केव्हा झाला, याचे समाधानकारक उत्तर आरोपपत्रात नाही. १७६५ मध्ये कंपनीने बंगालची दिवाणी मोगल बादशहाकडूनच स्वीकारली होती आणि १८३५ पर्यंत तिची नाणीही त्याच घराण्यातील शाहआलमच्या नावाने पाडली जात होती. हाच धागा धरून एफ. डब्ल्यू. बकलर या इतिहासकाराने १९२२ मध्ये असे प्रतिपादन केले, की ‘रिबेल’ खरे तर कंपनीच होती. बकलरचा निष्कर्ष काहीसा टोकाचा असला, तरी प्रश्न मात्र अचूक होता. लष्करी आयोगाने ९ मार्च १८५८ रोजी बादशहास सर्व आरोपांत दोषी ठरविले.

मराठीत हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘बंड’ हाच शब्द होता. सावरकरांनी अवघ्या दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द पुढे आणला व निष्ठाभंगाचे गृहीतकच नाकारले. शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, रमेशचंद्र मजुमदारांना मात्र आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘शिपायांची म्युटिनी’ आणि ‘१८५७ चा उठाव’ असे दोन्ही शब्दप्रयोग शेजारीशेजारी ठेवावे लागले.