ख्रिस्तासाठीं मूर्ख

'मूर्ख' हा शब्द आपण व्यवहारांत किती सहज उच्चारतों! ज्यास हिशेब समजत नाहीं, जो बाजारांत फसतो, जो आपल्या तोंडचा घास दुसऱ्यास देऊन बसतो, त्या सर्वांस जग एकाच पंक्तीस बसवितें. पवित्र शास्त्रांतही हा शब्द वारंवार येतो. परंतु तेथें त्याचा अर्थ निराळा आहे, आणि तो नीट ध्यानीं घेतल्यावांचून क्रूसाची थोरवी आपणांस पुरती कळावयाची नाहीं. म्हणून आपल्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं त्या अर्थाचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

जुन्या करारांतील मूर्ख हा बुद्धीनें मंद असतोच असें नाहीं. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांत नाबाल नांवाच्या धनवंताची कथा आहे. त्याच्यापाशीं ३००० मेंढरें व १००० शेळ्या होत्या. लोकर कातरण्याच्या आनंदाच्या दिवसांत दाविदाच्या माणसांनीं त्याच्याकडे अन्न मागितलें. ह्याच माणसांनीं रानांत त्याच्या कळपांचें रक्षण केलें होतें. तरी नाबालानें त्यांचा अपमान करून त्यांस रिकाम्या हातीं परत पाठविलें. हिब्रू भाषेंत 'नाबाल' ह्याचा अर्थच मुळीं 'मूर्ख', आणि त्याची सुज्ञ पत्नी अबीगईल हिनें तो उघड बोलून दाखविला. नाबालास हिशेब येत नव्हता असें कोण म्हणेल? त्याच्या हिशेबांत आपली भाकर होती, आपलें पाणी होतें. देव मात्र नव्हता, आणि शेजारीही नव्हता. 'देव नाहीं' असें अंतःकरणांत म्हणणाऱ्यास स्तोत्रकर्ता जो शब्द लावतो, तोही हाच. त्या ठिकाणीं ग्रीक भाषांतरकारांनीं जो शब्द घातला, तोच पुढें संत लूकच्या शुभवर्तमानांत, जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधूं पाहणाऱ्या श्रीमंतास देवाच्या मुखानें मिळाला. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' असें आपण म्हणतों. ह्या शहाण्याचीं कोठारें भरलेलीं होतीं, रिकामा होता तो त्याचा आत्मा.

आतां करिंथ नगराकडे वळूं. इ. स. पूर्वीं १४६ मध्यें रोमन लोकांनीं तें उद्ध्वस्त केलें, आणि पुढें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें ज्यूलियस सीझरनें तेथें नवी वसाहत स्थापिली. तिचे बहुतेक रहिवासी दास्यांतून मुक्त झालेले लोक होते. दोन समुद्रांवर दोन बंदरें असलेलें हें शहर व्यापारानें लवकरच गबर झालें. इ. स. ५० च्या सुमारास संत पौल तेथें आले, तंबू शिवून पोट भरीत दीड वर्ष राहिले, आणि त्यांनीं ख्रिस्तमंडळी उभी केली. ते निघून गेल्यावर तिच्यांत तट पडले. अमका उपदेशक थोर कीं तमका थोर, असा वाद माजला. प्रभुभोजनाच्या वेळींही श्रीमंत पोटभर जेवीत आणि गरीब उपाशी राहत. ही वार्ता कळल्यावर संत पौलांनीं इफिस येथून जें पत्र लिहिलें, त्यांत 'क्रूसाचें मूर्खपण' हे अद्भुत शब्द आले आहेत.

त्या काळीं क्रूस हा अलंकार नव्हता. ती मुख्यतः गुलामांची व बंडखोरांची शिक्षा होती. इ. स. पूर्वीं ७१ मध्यें स्पार्टाकसचें बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेनें ६००० माणसें क्रूसावर टांगण्यांत आलीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं दास्याच्या बेड्या वागविल्या होत्या, त्या करिंथकरांस गुलामाच्या मरणाची आठवण नकोशी वाटली असल्यास नवल काय? नेमक्या त्याच मरणांत देवाचें ज्ञान व सामर्थ्य प्रगट झालें, असें प्रेषितानें त्यांस सांगितलें. देवानें गुलामाचें मरण पत्करलें. मग तुम्हीं कोणत्या तोंडानें मोठेपणासाठीं भांडावें? हा त्याच्या बोलण्याचा रोख.

जगानें मात्र हंसावयाचें सोडलें नाहीं. रोम शहरांतील पॅलेटाईन टेकडीवर इ. स. १८५७ च्या सुमारास एका भिंतीवर ओरखडून काढलेलें जुनें चित्र सांपडलें. त्यांत क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा मनुष्य टांगलेला असून खालीं एकजण हात वर करून उभा आहे. अलेक्झामेनोस आपल्या देवाची भक्ति करतो, अशा अर्थाचीं अक्षरें शेजारीं खरडलीं आहेत. शेजारच्या खोलींत दुसऱ्या हातानें तेंच नांव लिहिलेलें आढळतें, आणि त्यापुढें एकच लॅटिन शब्द: 'विश्वासू'. ज्यांनीं थट्टा केली त्यांचीं नांवें काळानें पुसून टाकलीं. ज्याची केली त्याचें राहिलें.

परंतु येथें एक सावधगिरी राखली पाहिजे. ख्रिस्ती मूर्खपण म्हणजे अज्ञान नव्हे. संत पौल गमालिएलाच्या पायांशीं बसून शिकले होते, आणि संत युस्तीन तत्त्वज्ञ असतांच ख्रिस्ती झाले व ख्रिस्तासाठीं मेले. तसेंच आपल्या भावास मूर्ख म्हणून हिणविण्याचा अधिकारही ह्यानें कोणास मिळत नाहीं. त्याविषयीं प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत कडक ताकीद दिली आहे. खऱ्या आणि खोट्या मूर्खपणाची परीक्षा कृतीनेंच होते.

ग्रानादा शहरांत पुस्तकें विकणाऱ्या एका पोर्तुगीज गृहस्थाचें चरित्र ह्याची साक्ष देतें. आविलाचे संत योहान ह्यांचें प्रवचन ऐकून त्यांस इतका पश्चात्ताप झाला कीं, सर्व चीजवस्तु वाटून टाकून ते आक्रोश करीत रस्त्यांतून फिरूं लागले. लोकांनीं त्यांस वेड्यांत काढलें व इस्पितळांत कोंडलें; तेथें वेडावर चाबूक हाच उपाय होता. ते सुटले आणि त्यांनीं निराश्रित रोग्यांसाठीं स्वतः घर उघडलें, त्यांच्याकरितां दारोदार भिक्षा मागितली. नाबालानें आपली भाकर राखली. ह्यांनीं दुसऱ्यासाठीं मागून आणली. इ. स. १५५० मध्यें ते वारले, १६९० मध्यें संतपदास चढले, आणि १८८६ मध्यें तेराव्या लिओ पोपमहाशयांनीं त्यांस रोग्यांचे व इस्पितळांचे आश्रयदाते ठरविलें. तेच देवाचे संत योहान होत.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, 'ज्युबिली' हा शब्द मेंढ्याच्या शिंगाच्या हिब्रू नांवावरून आला. तें शिंग फुंकलें म्हणजे पन्नासाव्या वर्षीं पेरणी थांबवावी, विकलेली जमीन मूळ घराण्यास परत द्यावी, दास झालेल्या बांधवास मोकळें करावें, असा लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत नियम आहे. कोठारें बांधणाऱ्यास हा सारा व्यवहार मूर्खपणाचाच वाटेल. ज्युबिलीच्या वर्षीं आपण मंदिर सजवितों, वर्षें मोजतों, तें योग्यच आहे. परंतु कोणाचें ऋण सोडलें, कोणत्या भावाशीं सख्य केलें, कोणा उपाशास आपल्या पंक्तीस घेतलें, हेंही मोजूं या. त्यापायीं जगानें आपणांस वेड्यांत काढलें, तर आपण चांगल्या पंक्तीस बसलों असें समजावें.